माहेर आणि तालीम

पहाटे साडेचारला आमच्या सोसायटीत दोघंच जागे असतात. एक मी, कारण साठीनंतर झोप तेवढीच शिल्लक राहते. आणि दुसरा दयाळ. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोणी तरी टाकून दिलेली एक गंजकी डिश आहे. तिच्या वरच्या कडेवर तो बसतो, शेपटी ताठ उभी करतो आणि सुरू होतो. अंगात काळा कोट, खाली पांढरं पोट, पंखावर एक पांढरा पट्टा. कोर्टात निघालेल्या वकिलासारखा. आधी एक लांब शीळ, मग तिला एक मुरड, मग थांबणं. थांबतो तेव्हा तो ऐकत असतो. पलीकडे शाळेच्या आवारातल्या जांभळावरून दुसरा उत्तर देतो. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत रोजचा हा कार्यक्रम. एकदा पाऊस स्थिरावला की गळा बंद, आणि थंडीत तर नुसती खरखर. हाच तो गवई, असं सांगूनही कोणाला खरं वाटू नये.

आम्ही अंधेरी पश्चिमेला, सात बंगल्याजवळ राहतो. दयाळ दम घ्यायला थांबला की मागून समुद्राचा आवाज येतो. समुद्र काही तेव्हा सुरू झालेला नसतो. तो रात्रभर चालूच असतो, आपल्यालाच शांतता मिळालेली नसते. मग पहिली बस निघते, दूधवाल्याची मोटरसायकल येते, आणि दोन्ही आवाज बुडतात.

गेल्या उन्हाळ्यात नात राहायला आली होती. लेकीचं घर बोरिवलीला, नात नऊ वर्षांची. या वयाच्या मुलांना जगातल्या सगळ्या गोष्टींची कुस्ती लावायची असते. वाघ भारी की सिंह? मेट्रो भारी की लोकल? एका सकाळी मी तिला माझ्या माहेरच्या कासवांच्या गोष्टी सांगत होते आणि बाहेर दयाळ लागला होता. तिने विचारलं, "आजी, कासव भारी की दयाळ?"

"दोघंही."

"असं नसतं. एक सांग."

तेव्हा चहा उतू गेला म्हणून सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं आंजर्ले. आता खाडीवर पूल आहे. माझ्या लहानपणी तरीत बसून जोग नदीची खाडी ओलांडावी लागे, आणि घरी पोचेपर्यंत परकराची कड ओलीच असे. किनाऱ्याला सुरूचं बन. थंडीच्या दिवसांत सकाळी कधी कधी वाळूवर माग दिसायचा, कोणी जड पोतं ओढत नेल्यासारखा: पाण्यातून वर आलेला, थोडं फिरून परत पाण्यात गेलेला. ज्याला तो आधी दिसेल त्याची अंडी, असा सरळ हिशेब होता. टोपली भरून ती गावात यायची. टेबलटेनिसच्या चेंडूएवढं पांढरं अंडं. बोटाने दाबलं तर खळगा पडायचा, फुटायचं नाही. आम्हा पोरांना त्या खळग्याचंच कौतुक. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे.

ते मनात आणून दिलं २००२ नंतर. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने, भाऊ काटदरे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काम सुरू केलं. जी माणसं माग काढून अंडी उचलत होती, त्यांतलेच काही माग काढून अंडी राखू लागले. नजर तीच, पायवाट तीच. फक्त टोपलीचा उपयोग बदलला. आता ती टोपली कुंपणाआड पुरलेल्या घरट्यावर पालथी घालतात, आणि पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. या माणसांना किनाऱ्यावर 'कासवमित्र' म्हणतात. वेळासचं लोण मग आंजर्ल्यापर्यंत आणि पुढे कितीतरी गावांत गेलं. महोत्सव भरू लागले, मुंबईकर रांगा लावू लागले, आणि माझ्या वहिनीने दोन खोल्या वाढवून घरगुती जेवणाचा बोर्ड लावला.

अंडी घालणारी मादी मात्र मी सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिली, तीही म्हातारपणी. फेब्रुवारीतली रात्र. कासवमित्राने आम्हाला तिच्या मागच्या अंगाला, लांब बसवलं होतं. बॅटरी बंद, मोबाइल बंद, बोलणं बंद. दीड-दोन हात लांबीचं ते धूड मागच्या पायांनी खड्डा काढत होतं. एक पाय वाळूत जायचा, ओंजळीसारखा वळायचा, मूठभर वाळू बाहेर ठेवायचा, मग दुसरा. कुठे घाई नाही. खड्डा आतून मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद. शंभराच्या आसपास अंडी त्यात पडली. मग तिने वाळू लोटली आणि अंगाचा सगळा भार टाकून डावीकडून उजवीकडून ती जागा चोपायला लागली. धप, धप, धप. आंजर्ल्याला दिवाळीआधी अंगणं चोपतात, नेमका तोच आवाज. वहिनी कानात कुजबुजली, "कोणी शिकवलं गं हिला?"

कोणीच नाही. कासवाच्या गोष्टीचं सगळं मर्म त्या उत्तरात आहे. ही मादी स्वतः अशाच एका खड्ड्यातून, पंचेचाळीस ते साठ दिवसांनी, आपल्या भावंडांच्या खांद्यांवर पाय देत वर आली असेल. तिची आई तेव्हा किनाऱ्यावर नव्हती. अंडी झाकून ती त्याच रात्री निघून गेली होती. पिल्लू नर व्हायचं की मादी, हेसुद्धा आईबापांनी ठरवलेलं नसतं, वाळूची ऊब ठरवते: तापलेल्या वाळूत माद्या, थंडसर वाळूत नर. मग समुद्र. हजारातलं एखादंच पिल्लू वयात येतं म्हणतात. दहा-पंधरा वर्षं दर्यात काढायची, आणि एके दिवशी पोटात अंडी आली की वळायचं ते ज्या किनाऱ्याने आपल्याला बाहेर काढलं त्याच्या दिशेने. पृथ्वीचं चुंबकत्व जागोजागी थोडं थोडं वेगळं असतं, आणि आपल्या किनाऱ्याची ती खूण पिल्लाच्या अंगात उमटून राहते, असं अमेरिकेतले केनेथ लोमन आणि त्यांचे सहकारी बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून सांगत आले आहेत.

मला हे समजायला चुंबक लागला नाही. १९८४ साली सातव्या महिन्यात ओटी भरून मला आंजर्ल्याला धाडलं होतं. अंधेरीला चांगली हॉस्पिटलं होती, डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या. तरी पहिलं बाळंतपण माहेरचं, यावर कोणी चर्चाही केली नाही. एसटीत पोट सांभाळत बसलेली मी आणि मध्यरात्री वाळूवर सरपटत येणारी ती, आमच्यात मला फार फरक दिसला नाही. एवढाच की माझ्यासाठी दारात आई उभी होती.

आणि इथे मला आपल्या संतांची गंमत वाटते. कासवीला पान्हा नसतो. ती नुसत्या नजरेने पिल्लांना वाढवते, अशी एक समजूत आपल्या ओव्या-अभंगांत पुन्हा पुन्हा येते. देवाने भक्ताकडे तसं पाहावं, एवढंच मागणं. लहानपणी आजीकडून ते ऐकताना मला खरंच वाटायचं की समुद्रात कुठे तरी एक कासवीण डोळे रोखून बसली आहे. प्रत्यक्षात सागरी कासवीला पिल्लांचं तोंडही दिसत नाही. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं तेही रडू नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ असतं. देवळात गाभाऱ्यापुढे आपण ज्या कासवाला हात लावून आत जातो, ते इंद्रियं आवरून घेण्याची खूण म्हणून तिथे असतं. पण समुद्रातल्या कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. ते उघडंच जगतं. तरी संतांची ती नजर मला खोटी म्हणवत नाही. रात्री दोन वाजता थंडीत मफलर गुंडाळून, हातात काठी घेऊन, पाच-सहा किलोमीटर किनारा तुडवणारा कासवमित्र मी पाहिला आहे. आईची नजर नव्हती तिथे गावाची नजर आली.

दयाळाची गोष्ट अगदी उलटी.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत जुन्या पाइपाचं एक भोक होतं. दयाळाला अशीच जागा लागते: झाडाची ढोली, भिंतीतलं भगदाड, कधी टपालपेटीसुद्धा. सलग तीन उन्हाळे त्या भोकात संसार झाला. चार-पाच निळसर हिरवट अंडी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. बारा-तेरा दिवसांत पिल्लं, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत ती बाहेर. आई-बाप दोघंही दिवसभर अळ्या, नाकतोडे आणून कोंबणार. एका पिल्लामागे दोन माणसांची नोकरी. आणि जागेबद्दल म्हणाल तर हा नर आयुष्यभर दोन-चार बिल्डिंगा, एक शाळा आणि एक बाग यापलीकडे फारसा जात नसावा. कासवीण अरबी समुद्र पालथा घालते. याचं सगळं साम्राज्य आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी संपतं.

पण या छोट्याशा राज्याचा राजमुकुट जन्मतः मिळत नाही. गाणं शिकावं लागतं. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्या नरांच्या आवाजापासून दूर ठेवून वाढवली. वयात आल्यावर ती गायली, पण ते गाणं ओबडधोबड निघालं. लांबी साधारण बरोबर, आत कलाकुसर नाही. तेव्हापासून एक गोष्ट पक्की होत गेली: गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळात पिल्लू आधी नुसतं ऐकतं. ऐकलेलं साठवतं. मग पुटपुटतं. मग स्वतःचं पुटपुटणं त्या साठवलेल्या गाण्याशी ताडून बघत, चुकत, सुधारत गाण्यापर्यंत पोचतं. आपल्याकडे याला तालीम म्हणतात.

ते पुटपुटणं मी ऐकलं आहे. पावसाचा जोर ओसरला होता. स्वयंपाकघराच्या ग्रिलवर एक पोरसवदा दयाळ बसलेला, छातीवर तपकिरी खवले अजून पुरते गेले नव्हते. चोच जवळजवळ मिटलेली, गळा मात्र थरथरतोय. कान दिला तर आतून एक बारीक, अडखळता, भलतीकडेच वळणारा आवाज. मध्येच कावळ्याने दचकावल्यासारखा थांबायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या घरी पेटीवर कोणी सारेगम शिकत असावं आणि दार लोटलेलं असावं, तसं. मी गॅस बारीक करून उभी राहिले. भाजी करपली, त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या मार्चमध्ये पलीकडच्या बिल्डिंगवर एक नवा गळा लागला. त्याची पहिली शीळ आमच्या म्हाताऱ्या गवयासारखीच, मुरड मात्र स्वतःची. तो ग्रिलवरचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण घराणं ओळखू येत होतं.

मग एका डिसेंबरात सोसायटीने वॉटरप्रूफिंग काढलं. कंत्राटदाराच्या माणसांनी भिंतीतली सगळी भोकं सिमेंटने लिंपली. मी बोलले, पण उशिरा. भिंत गुळगुळीत झाली होती आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये पक्ष्याच्या भोकाचा विषय काढणारी मी एकटीच. आता तर बिल्डिंगच रिडेव्हलपमेंटला जायची आहे. नव्या टॉवरांना काच असते, भोक नसतं.

दोघांचा वैरी मात्र एकच आहे: आमचा उजेड. कासवाचं पिल्लू वाळूतून डोकं काढतं तेव्हा त्याला एवढंच कळतं की जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे पाणी. हजारो वर्षं ते खरं होतं. झाडांकडची बाजू काळोखी, समुद्राकडची उजळ. आज किनाऱ्यालगत हॉटेलं आणि दिवे आले, की पिल्लू हॅलोजनला समुद्र समजून रस्त्याकडे चालू लागतं. दयाळाचं उलट. आमच्या गल्लीत पांढऱ्याफेक दिव्यांचे खांब बसले तेव्हापासून तो साडेचारची वाट पाहत नाही, कधी तीनलाच सुरू होतो. हे नुसतं दिव्यामुळे की दिवसाच्या गोंगाटामुळे, असा प्रश्न इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात अभ्यासकांनी तिथल्या रॉबिन पक्ष्याबद्दल विचारला होता. २००७ साली त्यांनी लिहिलं की जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथे हे पक्षी रात्री गातात. लिंक रोडच्या कानठळ्यांत मीही फोनवर बोलायचं काम रात्रीवरच ढकलते.

वेसाव्याच्या किनाऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय अंधेरीकराला कासवावर लिहिता येत नाही. जगाने त्याला वर्सोवा म्हणावं. कोळीवाड्यात ते वेसावंच. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शहा नावाचे वकील आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी हातमोजे घालून तिथला कचरा उचलू लागले. तो किनारा तेव्हा कसा होता हे मला विचारा; पाय ठेवायचा तर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या गादीवर. दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली, लाखो किलो कचरा निघाला, खाली कुठे तरी वाळू आहे हे पुन्हा दिसलं. आणि २२ मार्च २०१८ला बातमी आली की तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीच्या आसपास पिल्लं निघाली; सुमारे वीस वर्षांनी असं घडलं म्हणे. मी चपला घालून धावले. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ओलसर वाळूवर कोणी काट्याने नक्षी काढावी तशा बारीक रेघा तेवढ्या होत्या, समुद्राकडे गेलेल्या, आणि पुढच्या लाटेने त्याही पुसल्या. ती आई इथली होती का, माहेर समजून आली का, की चुकून, देव जाणे. पण वाळू उघडी केल्याशिवाय ती आली नसती, एवढं नक्की.

इथपर्यंत माझा हिशेब सोपा होता. कासव म्हणजे माहेर: न शिकवता अंगात असलेलं. दयाळ म्हणजे तालीम: शिकवल्याशिवाय न येणारं. नातीला एक उत्तर द्यायचं तर मी कासव म्हटलं असतं. आमच्या पिढीचा तसा विश्वासच होता. मुलं कुठेही जावोत, कॉन्व्हेंटात घाला, अमेरिकेला पाठवा. मातीची ओढ रक्तात असते, वेळ आली की वळतील. लेकीशी मी मराठीत बोलले खरी, पण नोकरीच्या धबडग्यात किती बोलले? तिला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा म्हटलं, मराठी काय, घरची आहे, येईलच. कासवासारखी.

पण कासवांनीच माझा हिशेब बिघडवला. २०२२च्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. वेळासची 'प्रथमा', आमच्या आंजर्ल्याची 'सावनी'. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन, त्यांतली एक 'बागेश्री'. मुक्या समजल्या जाणाऱ्या प्राण्याला रागांची नावं! ही बागेश्री लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात निघून गेली. आणि २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, साधारण साडेतीन हजार किलोमीटर पार करून. म्हणजे माहेर एकच असतं हेही काही खरं नाही. एखादीला दोन्ही किनारे आपले वाटतात. पंचेचाळीस वर्षं अंधेरीत काढलेल्या बाईला यात नवल का वाटावं?

आणखी एक. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काही अभ्यासकांनी कासवांच्या घरट्यांपाशी संवेदनशील माइक लावले, तेव्हा वाळूखालून बारीक आवाज ऐकू आले. पिल्लांचे. सगळ्यांनी मिळून वर निघायची वेळ जमवायला ते उपयोगी पडत असावेत, असा काहींचा कयास आहे. पाठीशी आई नाही, डोळ्यांपुढे उजेड नाही, दीड फूट वाळूखाली एकमेकांना घातलेल्या त्या हाका. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला मी जन्मभर मुकं म्हटलं, त्याचाही प्रवास आवाजानेच सुरू होत असेल तर?

मग लेकीच्या मराठीचा हिशेब मी पुन्हा मांडला. आंजर्ल्याची ओढ तिच्यात आहे. खाडीचा पूल आला की तिचा चेहरा बदलतो, हे मी आरशातून पाहिलं आहे. वाळूने आपलं काम केलं. पण शब्द वाळूतून येत नाहीत. ते कोणी तरी रोज, न कंटाळता, कानाशी म्हणावे लागतात. गाव कासवासारखं अंगात उतरतं. भाषा दयाळासारखी गळ्यात घालावी लागते. मी एक समजून दुसऱ्याची वाट बघत बसले.

नात सुट्टी संपवून निघाली त्या पहाटे आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. तो डिशवर आलाच होता. ती म्हणाली, "आजी, तो बघ कसा गातोय. काल मी पण त्याला गायली."

जिभेवर आलेलं मी गिळलं. गवई पोराची चूक काढत बसत नाही; तो आपली चीज पुन्हा म्हणतो.

"हो गं," मी म्हटलं, "काल मी पण त्याच्यासाठी गायले. त्याने ऐकलं, पण उत्तर नाही दिलं."

तिने ओठ मिटून काही तरी पुटपुटलं. मग म्हणाली, "मी पण त्याच्यासाठी गायले. मला दिलं त्याने उत्तर."

खाली रिक्षा येऊन थांबली. तिचा प्रश्न ती विसरली होती.